अंगचे गुण हाताला काम दिल्यावर कळतात

दहावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो आणि दुसरा ‘आता कुठली साइड घ्यायची?’ हा. या दोघांच्या मधला एक प्रश्न कुणी विचारत नाही. या मुलाला नेमकं काय चांगलं जमतं? पालक बेफिकीर असतात म्हणून हा प्रश्न राहतो असं नाही. त्याचं उत्तर देता येईल असं काही त्या मुलाच्या दहा वर्षांच्या शाळेत घडलेलंच नसतं. त्याने वाचलं, लिहिलं, पाठ केलं, पेपर दिले. लोखंडाची पट्टी कापली नाही, होल्डर जोडला नाही, रोपं लावून महिनाभर सांभाळली नाहीत, दहा गिऱ्हाइकांना तोंड देऊन गल्ला मोजला नाही. मग त्याचा हात कुठे चालतो आणि डोकं कुठे रमतं हे घरच्यांना कसं कळावं? त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

टक्क्यांवरून ते काढण्याची आपली जुनी सवय आहे. नव्वदच्या वर असेल तर विज्ञान, सत्तरच्या आसपास असेल तर वाणिज्य, त्याखाली कला आणि अगदीच कमी असतील तर आयटीआय. २०२५ साली राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले. सहापैकी उत्तम पाच विषय धरायचे आणि त्यात कला-क्रीडेचे सवलतीचे गुण मिळवायचे, अशी ती बेरीज असते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी असेल तर सात गुण वाढतात. आता गंमत पाहा. ज्या मुलीचा हात चित्रात खरोखर चालतो, तिच्या त्या गुणाचं आपण काय करतो, तर सात गुण मिळवून तिचे टक्के वाढवतो आणि वाढलेल्या टक्क्यांवर तिला विज्ञानाला पाठवतो. तिच्या अंगात काय आहे याचा एकुलता एक पुरावा बेरजेत विरघळून जातो.

गुणपत्रिका खोटी नसते. नेटाने अभ्यास करणं आणि तीन तासांत नीटनेटकं लिहून देणं हे गुणच आहेत आणि ते पुढे सगळीकडे लागतात. पण ती एवढंच सांगते. म्हणून म्हणणं सरळ आहे. मुलाचा कल ओळखायचा असेल तर आधी त्याला खरी कामं करून पाहू द्या, चाचणी त्यानंतर द्या. आणि ही सोय पैसे मोजून समुपदेशकाकडे जाणाऱ्या घरांपुरती राहता कामा नये. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला ती शाळेच्या वेळापत्रकातच मिळायला हवी.

राज्याने प्रयत्न केला नाही असं नाही. २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं आणि त्यांपैकी मुलाचा ओढा कुठे, हे सांगणारा अहवाल. पुढे तिला अभिक्षमता चाचणीचीही जोड मिळाली. दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं दहावीला बसतात. एवढ्या सगळ्यांना टक्क्यांपलीकडचा आरसा दाखवायचा हा विचार मोठा होता आणि तो करणाऱ्यांचं श्रेय नाकारू नये. अडचण मुळात होती. तुला बिघडलेलं यंत्र खोलून बघायला आवडेल का, या धर्तीचा प्रश्न ज्या मुलीने आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर धरलेला नाही तिला विचारला, तर तिच्या उत्तरात तिचा कल नसतो. तिच्या घरात मुलींनी काय करायचं असतं, ते असतं. मुलगा ‘गणवेशधारी सेवा’ निवडतो तेव्हा भरतीला लागणारी धाव आणि त्या नोकरीचं रोजचं रुटीन त्याच्यासमोर नसतं, समोर वर्दी असते. न चाखलेल्या पदार्थाची आवड विचारली तर उत्तर नावावरूनच येणार.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते. कल म्हणजे काय करावंसं वाटतं. अभिक्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकवली तर ती किती लवकर येईल आणि किती वरपर्यंत जाईल. संपादणूक म्हणजे आजवर पदरात काय पडलं, जे गुणपत्रिका दाखवते. आवड आहे पण अभिक्षमता बेताची, असं खूपदा असतं; गाण्याची आवड असलेले सगळेच सुरात गात नाहीत. त्याच्या उलट, हिशेबात डोकं भराभर चालतं पण हिशेबाचा कंटाळा येतो, असंही असतं. करिअर निवडताना हे तिन्ही वेगवेगळे मांडून बघायला हवेत आणि त्यांच्याशेजारी चौथी गोष्ट ठेवायला हवी, ती म्हणजे संधी. घरापासून कॉलेज किती लांब, फी किती, शिकून झाल्यावर काम कुठल्या गावात मिळेल.

अभिक्षमता चाचणी म्हणजे लोक जिला ॲप्टिट्यूड टेस्ट म्हणतात ती. चांगली चाचणी हे उपयोगी हत्यार आहे. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या मांडणीवर मराठी मुलांसाठी दीर्घ काम केलं आहे. सीबीएसई आणि एनसीईआरटी यांनी नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ ही मोफत चाचणी आणली. भाषा, शाब्दिक तर्क, अमूर्त तर्क, संख्या, यांत्रिक तर्क, अवकाशीय कल्पना आणि निरीक्षणाचा वेग असे तिचे सात भाग आहेत. पण निकालाचा कागद हातात आला की तो कसा वाचायचा हे फार थोड्या पालकांना कुणी सांगतं, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

निकाल बहुधा पर्सेंटाइलमध्ये असतो. ६० पर्सेंटाइल म्हणजे ६० टक्के गुण नव्हेत. शंभर मुलं रांगेत उभी केली तर साधारण साठ जण याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आता एक उदाहरण करून बघा. चाळीस प्रश्नांचा एक भाग आहे, मुलांची सरासरी २० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) ५. वीस उत्तरं बरोबर असतील तर मूल ५० पर्सेंटाइलवर. बावीस आली तर जवळपास ६६ वर. अठराच आली तर ३४ वर. दोन प्रश्न इकडेतिकडे झाले की कागदावरची पट्टी एवढी सरकते! सकाळी उपाशीपोटी आलेला मुलगा, शेजारी खोकणारा विद्यार्थी, सूचना नीट न ऐकल्यामुळे वाया गेलेलं एक मिनिट, यातल्या कशानेही दोन प्रश्न जातात. म्हणून ५५ आणि ६२ मध्ये फरक शोधू नका. दोन भागांमध्ये चांगलं पंचवीस-तीस पर्सेंटाइलचं अंतर असेल आणि ते मुलाच्या रोजच्या वागण्याशी जुळत असेल, तरच त्यावरून बोला. आणि मधल्या पट्टीत आकडे असे नाचतात म्हणून कच्चे गुण, म्हणजे किती उत्तरं बरोबर आली तो मूळ आकडा, मागून घ्या. जी संस्था कच्चे गुण दाखवायला नाही म्हणते तिच्याकडे जाऊ नका.

दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे प्रमाणकं. या मुलाची तुलना कुणाशी झाली? शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर बेतलेल्या प्रमाणकांवर तालुक्याच्या मराठी शाळेतला मुलगा ठेवला तर शाब्दिक तर्कात तो हटकून मागे दिसेल. प्रश्नपत्रिकाच इंग्रजीत असेल तर तो भाग त्याचा तर्क मोजतच नाही, त्याचं इंग्रजी मोजतो. यांत्रिक तर्काच्या प्रश्नांत कप्प्या, दातेरी चाकं आणि तरफा असतात. हे चाक उजवीकडे फिरलं तर तिसरं कुठे फिरेल? ज्या मुलाने सायकलची चेन शंभरदा चढवली आहे त्याला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. मुली या भागात मागे पडतात तेव्हा तो निसर्गाचा निवाडा समजायचं कारण नाही. वस्तू मनात फिरवून बघण्याची क्षमता सरावाने वाढते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे चाचणीला बसवण्याआधी अनुभव द्यायला हवा, हा मुद्दा इथेही परत येतोच.

एका गोष्टीवर मात्र जरा तिखट बोलणं भाग आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या ‘जन्मजात क्षमता’ सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी शाळांच्या पालक-सभांमध्ये विकली जाते. दहा बोटांचे ठसे, चकचकीत रंगीत अहवाल, डावा मेंदू-उजवा मेंदू, आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांची टक्केवारी. बोटांवरच्या रेषा गर्भातच, पाचव्या महिन्याच्या आसपास पक्क्या झालेल्या असतात हे खरं. त्यावरून मुलगा वकील होईल की शेफ हे कळतं याला काहीही आधार नाही, आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय पाया नसल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. मग पालकांना ती पटते कशी? १९४८ साली फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एक व्यक्तिमत्त्ववर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं! ‘तुमच्यात सुप्त क्षमता आहेत, पण त्यांचा पुरेसा वापर झालेला नाही’ हे वाक्य कुणाला लागू पडत नाही? अहवालातली वाक्यं शेजारच्या मुलाला वाचून दाखवा. त्यालाही ती आपलीच वाटली तर पैसे कशाचे गेले ते कळेल.

आता कामाकडे येऊ. पन्नास मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड एमएसची (साध्या, मऊ पोलादाची) पट्टी घ्या. हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, तिचा ५२ मिलिमीटरचा तुकडा कापायचा, तो बेंच व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) धरायचा आणि कापलेल्या दोन्ही कडा कानसून नेमक्या ५० वर आणायच्या, कोन काटकोनात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा तासभर तरी लागतो. शिकवणाऱ्याने एकच गोष्ट आधी दाखवायची. कानस पुढे सरकायला लागते तेव्हा जोर पुढच्या हातावर असतो, मध्यावर दोन्ही हातांवर सारखा आणि शेवटी मागच्या मुठीवर. नवखा मुलगा दोन्ही हातांनी कायम सारखाच दाबतो, त्यामुळे कानस झुलते आणि कड सपाट होण्याऐवजी मध्ये फुगते. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून तुकडा खिडकीकडे धरला की हे कळतं. कडेच्या दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट दिसते.

आता मुलांकडे बघा. एकजण वीस मिनिटं खाली मान घालून घासतो आणि मोजतो तेव्हा माप ४९ वर गेलेलं असतं. दुसरी दर दहा-बारा हातांनंतर गुण्या लावते. तिसरा कुणी काही सांगायच्या आत फट बघतो, फुगीर जागेवर खडूने खूण करतो आणि तेवढंच घासतो. चौथीचा स्वतःचा तुकडा अर्धाच झालाय, पण शेजाऱ्याची कानस का झुलते हे ती त्याला शिक्षकापेक्षा सोप्या शब्दांत सांगतेय. पाचव्याला काम जमत नाही, कंटाळाही आलाय, पण कुठल्या हॅक्सॉचं ब्लेड उलटं लागलंय आणि चार व्हाइसवर पाच मुलं असल्याने कुणी कधी थांबायचं, हे त्याने लावून दिलंय. एका तासात, एका लोखंडी तुकड्यावर, पाच वेगवेगळे गुण समोर आले. प्रश्नपत्रिकेत यातला एखाददुसराच दिसला असता. आणि हे दिसण्यासाठी पाचही मुलांनी फिटर व्हायची गरज नव्हती.

हे कुठे तरी होतं का? होतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये गेला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस काम करायचं. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, खाद्यपदार्थ बनवतात आणि प्रत्येक कामाचा खर्च काढतात. खर्च काढणं हा त्यातला फार मोलाचा भाग आहे, कारण तिथे हाताने हुशार असलेलं मूल आणि व्यवहाराने हुशार असलेलं मूल ही वेगळी दिसायला लागतात.

ज्या शाळेत वर्कशॉप नाही तिथेही सुरुवात करता येते, कारण जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेतही बालआनंद मेळावा होतो. मुलं भेळ, वडापाव, सरबताचे स्टॉल लावतात, फोटो निघतात, संपतं. तोच मेळावा नीट बघितला तर तो तीन तासांची चाचणी आहे. चुरमुरे, फरसाण, कांदा आणि चिंच यांचा खर्च धरून एका प्लेटला किती पडले हे मेळाव्याच्या आदल्या दिवशी कोण काढतो? सुट्ट्या पैशांची आठवण कुणाला होते? गर्दी झाली की कोण गडबडतो आणि कोण खुलतो? शेवटच्या अर्ध्या तासात उरलेला माल दर उतरवून कोण संपवतो, आणि दुसऱ्या दिवशी हिशेब जुळेपर्यंत कोण उठत नाही? शिक्षकांनी फक्त वही घेऊन फिरायचं.

त्या वहीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निरीक्षण नोंदीत उतरलं नाही तर ‘हुशार आहे हो पोरगा’ या वाक्यापलीकडे काही उरत नाही. एका कामाला एक ओळ, आणि पाच रकाने. किती वेळ लागला. किती वेळा विचारावं लागलं. चूक स्वतः पकडली की दाखवावी लागली. सुट्टी झाली तरी काम सोडवेना असं झालं का. आणि तेच काम तिसऱ्यांदा केलं तेव्हा वेळ आणि दर्जा किती सुधारला. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या प्रयत्नात दिसतो तो पूर्वीचा सराव. ज्याच्या घरी गॅरेज आहे तो पहिल्या दिवशी पुढेच असणार. सारखा सराव दिल्यावर कोण किती वेगाने वर चढतो, यात अभिक्षमता दिसते. पहिल्यांदा ऐंशी मिनिटं घेणारी मुलगी तिसऱ्यांदा चाळीस मिनिटांत अचूक तुकडा देत असेल आणि गॅरेजवाल्याचा मुलगा पन्नासवरून पंचेचाळीसवर आला असेल, तर नजर तिच्यावर ठेवायला हवी.

म्हणून प्रत्येक काम तीनदा व्हायला हवं. आठ प्रकारची कामं, प्रत्येकाच्या तीन बैठका, प्रत्येक बैठक दोन तासांची. चोवीस बैठका, अठ्ठेचाळीस तास. आठवड्याला एक बैठक धरली तरी एका शैक्षणिक वर्षात हे बसतं, परीक्षा आणि सण वगळून. आठ कामं सगळी हातोडी-पकडीची नकोत. धातूकाम, वायरिंग, रोपवाटिका, स्वयंपाक आणि त्याचा खर्च, आजारी माणसाची शुश्रूषा आणि प्रथमोपचार, विक्री, पाचवीच्या मुलांना एक धडा शिकवणं, आणि गावातल्या एखाद्या प्रश्नाची माहिती गोळा करून लेखी अहवाल देणं. वायरिंगमध्ये जिन्याचा दिवा द्यावा, दोन टू-वे स्विच आणि एक बल्ब. जोडणी साधी आहे, पण आकृती वाचून करणारा आणि वायरी हलवत हलवत जमवणारा लगेच वेगळे होतात. बोर्डाला वीज अर्थातच शिक्षकाने तपासल्यावरच द्यायची.

यात चुका कुठे होतात तेही माहीत असावं. सगळ्यात मोठी म्हणजे गट करणं. सहा जणांचा गट केला की धीट मुलगा हत्यार हातात घेतो आणि मुलींच्या हातात निरीक्षणाची वही जाते, कारण त्यांचं अक्षर चांगलं असतं. वर्षाच्या शेवटी निष्कर्ष निघतो की मुलींना यंत्रात रस नाही. उपाय साधा आहे. वीस मुलांच्या तुकडीत पाच-पाच जणांचे चार कोपरे करावेत, प्रत्येक कोपऱ्यात वेगळं काम, पण तुकडा प्रत्येकाचा स्वतंत्र आणि त्यावर नाव कोरलेलं. दुसरी चूक नजरेची. फुटपट्टीवरची रेघ नीट दिसत नसलेल्या मुलाला ‘बारकाव्यात कच्चा’ म्हटलं जातं. नोंदी सुरू करण्याआधी सगळ्यांचे डोळे तपासून घ्यावेत. तिसरी चूक घाईची. एका कामात मूल रमलं की लगेच त्याच्यावर शिक्का मारायचा, ‘हा इलेक्ट्रिशियनच होणार’. गुण एकेकटे कामाला येत नाहीत, जोडीने येतात. बारीक नजर आणि अवकाशीय कल्पना एकत्र असेल तर टूल अँड डाय (कारखान्यातले साचे-हत्यारं घडवणं), दागिन्यांची घडणावळ, दंतवैद्यक, आर्किटेक्चर यांतली कुठलीही वाट खुली असते. तीच बारीक नजर माणसांशी बोलण्याच्या हौसेबरोबर आली तर वाट वेगळी.

मोठ्यांचं काय? तिशीत येऊन नोकरीला कंटाळलेल्या माणसाला ‘आपला पॅशन शोधा’ म्हणणं सोपं आहे, पण हप्ते कोण भरणार? त्याच्यासाठीही वहीच कामाची. दोन आठवडे दर अर्ध्या तासाला नेमकं काय केलं ते लिहायचं. मीटिंग असं लिहू नका. मीटिंगमध्ये काय केलं, ऐकलं, समजावलं, भांडण मिटवलं, टिपण काढलं, ते लिहा. मग प्रत्येक नोंदीपुढे तीन खुणा. काम झाल्यावर तरतरी होती की थकवा? निकाल इतरांपेक्षा चांगला आला का? आणि हे काम घेऊन लोक आपणहून माझ्याकडे येतात का? तिसरी खूण सर्वांत खात्रीची. कचेरीत कुणालाही पत्राचा मसुदा हवा असला की ज्या लिपिकाकडे सगळे जातात, त्याच्या मसुद्यात काहीतरी आहे, त्याला स्वतःला ते माहीत असो वा नसो. दोन आठवड्यांत तीनही खुणा मिळालेल्या नोंदी वेगळ्या काढल्या की बहुतेकांना दिसतं की त्यांचं पद चुकीचं नाही, कामांचं प्रमाण चुकीचं आहे. आठवड्यातले पाच-सहा तास जरी अशा कामांकडे वळवता आले, साहेबांशी बोलून किंवा सहकाऱ्याशी अदलाबदल करून, तरी सहा महिन्यांत पुरेसा पुरावा जमतो. नोकरी सोडायचा निर्णय त्या पुराव्यावर घ्यावा.

पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत सकाळी सातपासून बसलेल्या मुलांना तर हे अधिकच सांगायला हवं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. पर्याय ओळखण्यात तरबेज झालेल्या मुलाला आता मुद्दा मांडता येतो का हे बघितलं जाणार. तीन महिने, रोज दोन उत्तरं हाताने लिहून जाणकाराकडून तपासून घ्या आणि पहिल्या महिन्याची वही तिसऱ्याशी ताडून पाहा. उत्तरं सुधारत असतील तर पुढचा प्रयत्न करा. सुधारणा थांबलीच असेल तर अजून दोन वर्षं खोलीभाडं भरण्याआधी घरच्यांबरोबर बसून बोला. सहा-सहा वर्षं घालवणाऱ्या मुलांची जिद्द कमी नसते. त्यांना मध्ये थांबून मोजायला कुणी शिकवलेलं नसतं आणि ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे.

‘अंगचे गुण’ या शब्दांवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. आपल्या समाजात शतकानुशतकं गुण जातीला चिकटवले गेले. सुताराच्या मुलाच्या रक्तातच सुतारकाम, वाण्याच्या रक्तात व्यापार. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची करून उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. तिला वंशपरंपरागत शिक्षणाची योजना म्हणत प्रचंड विरोध झाला आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. तो विरोध योग्यच होता. हाताचं काम शिकवणं आणि बापाचं काम मुलाच्या गळ्यात घालणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून इथे एक अट सैल करता येणार नाही. कामाचा दिवस वर्गातल्या सगळ्या मुलांना सारखा हवा, डॉक्टरच्या मुलीलाही कानस आणि ऊसतोड कामगाराच्या मुलालाही अहवाललेखन. ‘कमी टक्केवाल्यांसाठी व्यवसाय शिक्षण’ अशी वाटणी झाली की जुनी उतरंड नव्या नावाने परत येते. ज्याला कुणी पेनाशिवाय काही दिलं नाही त्याच्या हाताला पकड द्यायची, आणि ज्याच्या हातात आजवर फक्त पकड दिली गेली त्याला मंचावर उभं करायचं. जातीने लपवलेले गुण वर यायचे असतील तर हीच वाट आहे.

‘हे सगळं पूर्वी होऊन गेलं’ असंही म्हणतात. खरं आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली गेली. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य आणलं. आपल्या पिढीला कार्यानुभवाचा तास आठवतो तो गणिताच्या जादा तासाला दिलेला, किंवा दुकानातून आणलेलं तोरण शाळेत जमा करून श्रेणी मिळवलेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवायची तरतूद आहे. दिशा बरोबर, मात्रा कमी. दहा दिवसांत आठ कामं एकदा बघून होतील. तिसऱ्यांदा करायला वेळच नाही, आणि पहिल्या खेपेत अभिक्षमता दिसत नाही हे वर सांगितलंच.

कार्यानुभव का बारगळला, याचं उत्तर धोरणात शोधून सापडत नाही, ते माणसात आहे. शाळेतल्या भाषेच्या शिक्षिकेकडून वेल्डिंग शिकवण्याची अपेक्षा ठेवली तर तोरणंच येणार. पाबळच्या पद्धतीत गावातले कारागीर निदेशक म्हणून शाळेत येतात, आणि तेच करायला हवं. गावचा वायरमन, रोपवाटिका चालवणारी बाई, निवृत्त परिचारिका, बाजारपेठेतला हिशेबनीस. त्यांना शिकवण्याची पदवी मागू नये. मुलांशी कसं वागायचं, हत्यारांची सुरक्षा आणि नोंदवही कशी भरायची याचं चार-पाच दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. शिक्षकाने वर्गात त्यांच्याबरोबर थांबावं, कारण मुलं त्याला माहीत असतात.

आणि त्यांचे पैसे वेळेवर द्यावेत. वायरमन आठवड्यातला एक दिवस शाळेला देतो तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मानधन निदान त्या रोजाइतकं हवं आणि महिन्याच्या महिन्याला हातात पडायला हवं, मार्चअखेरीस एकरकमी नको. जूनमध्ये हौसेने आलेला माणूस दिवाळीपर्यंत पैशाची वाट बघतो. दिवाळीनंतर त्याचा फोन लागत नाही, वर्कशॉपला कुलूप लागतं आणि वीस मुलांच्या वहीतला तिसऱ्या प्रयत्नाचा रकाना कोराच राहतो.